सव्वादोन, जांभळ्या

नीलाक्का बांगड्या भरायला बसल्या की तोंड भिंतीकडं करायच्या. समोर हात पुढं करून बसलेली बाई, अवतीभवती आपल्या पाळीची वाट बघणाऱ्या चार जणी, मांडीशी बांगड्यांच्या माळा, आणि अक्कांची नजर मात्र भिंतीवरच्या कॅलेंडरवर. बोटं दाबत, अंगठ्याचा सांधा मुडपत त्या काचेची बांगडी अशी चढवायच्या की बाईला कळायच्या आत ती मनगटावर. एकदाही खाली बघायच्या नाहीत. नव्या माणसाला वाटायचं, म्हातारीला दिसत नसावं. पण दिसायचं त्यांना चांगलं. साठी उलटल्यावरही सुईत दोरा स्वतःच ओवायच्या.

माझी त्यांची पहिली भेट लग्नाच्या दुसऱ्या दिवशी झाली. मी बेंबळीत नवी नवरी म्हणून आले होते आणि सासूबाईंनी मला सासरच्या बांगड्या भरायला त्यांना बोलावलं होतं. माझ्या डाव्या मनगटावर लहानपणी उकळता चहा सांडल्याचा डाग आहे. बघायला आलेल्या मंडळींपासून तो मी घड्याळाच्या पट्ट्याखाली लपवला होता. आता चार बायकांत तो उघडा पडणार होता. अक्कांनी भिंतीकडं बघत माझा हात धरला. त्यांची बोटं डागावरून गेली, जराशी थांबली. मग त्या सासूबाईंना म्हणाल्या, "हिच्या हाताला कडंला एक रुंद पाटली लागंल बगा. बारीक हात हाय, शोभा येती." काचेची ती पाटली डागावर बरोबर बसली. सासूबाईंना तो पुढं यथावकाश दिसलाच आणि त्यांना त्याचं काही वाटलंही नाही, पण त्या दिवशी माझा जीव भांड्यात पडला तो अक्कांमुळं.

भिंतीकडं का बघता, असं मी बऱ्याच वर्षांनी विचारलं. म्हणाल्या, "मनगट लई बोलतं गं वैशे. कुठं भाजलंय, कुठं कुणी पिरगाळलंय, कुठं ताप हाय, समदं. म्या डोळ्यानं बघितलं तर बाईला कळतं की हिनं बघितलं. मग ती कसनुशी होती. बोटांनी कळलेलं बोटांपाशीच ऱ्हातं."

अक्का मूळच्या सीमेपलीकडच्या कन्नड मुलखातल्या. लिंगायत वाण्याच्या घरात दिलेल्या, नवरा बाजार करून बांगड्या विकायचा. तो गेल्यावर गाठोडं त्यांनी खांद्यावर घेतलं. एकुलता मुलगा पुण्याला एका कारखान्यात, तो बोलवायचा, पण "तितं दारं बंद असत्यात, बांगड्या कुणाला भरू?" म्हणून त्या गेल्या नाहीत. गळ्यात लिंग, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पायात मोटारीच्या टायरची चप्पल. बेंबळी आणि आसपासची दहा-पंधरा खेडी त्यांची. महिन्यातून एकदा माल आणायला धाराशिव, तिथून कधी येडशीच्या बाजूला. इतक्या घरांत उठबस असलेलं दुसरं माणूस आमच्या भागात नव्हतं, आणि इतकं गप्प माणूसही नव्हतं.

बायका त्यांच्याकडून काढून घ्यायला बघायच्या. ताकाला जाऊन भांडं लपवायच्या. आमच्या शेजारणीनं एकदा मुलासाठी पाहिलेल्या मुलीच्या घरची चौकशी चालवली. "तुमचं जाणं-येणं हाय की त्यांच्यात. पोरगी कशी हाय?" अक्का म्हणाल्या, "सव्वादोन मापाचा हात हाय." "ते झालं, पण स्वभावानं?" "कवळा हात हाय. बांगडी झटकन चढती." "अवो, घरात भांडणं-बिंडणं?" अक्कांनी माळ उचलली. "बांगडीला कुठं तोंड हाय? मग बांगडीवालीला कशाला पायजे? हिरव्या दावू का लाल?" शेजारीण आठ दिवस फणफणत होती, आणि पुढच्या सणाला तिनं बांगड्या भरायला पुन्हा त्यांनाच बोलावलं. कारण तिच्याही घरची भांडणं अक्कांना ठाऊक होती आणि ती त्यांच्या तोंडून बाहेर गेली नव्हती.

आता माझं सांगते, कारण पुढच्या सगळ्याला मी कारण आहे. बेंबळीत माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. दाखले, पीकविमा, पोरांचे प्रवेश, आधारची दुरुस्ती, नवा फोन घेतला की तो चालू करून देणं, सगळं मी करते. बाहेर रांग लागलेली, सर्व्हर मध्येच बसलेला, मास्तर ओरडतायत, म्हातारी खोकतेय. अशात पडद्यावर कुणी विचारलं, परवानगी देता का, की माझं बोट आपोआप 'हो'वर जायचं. फोटोंची परवानगी, हो. ठिकाणाची, हो. माइकची, हो. अटी मान्य आहेत, हो. एका दिवसात मी शंभर माणसांच्या वतीनं 'हो' म्हणत असेन, आणि त्यातलं एकही वाक्य मी कधी पुरतं वाचलं नव्हतं. मला माझ्या वेगाचा गर्व होता. "वैशालीमॅडमकडं गेलं की दोन मिनिटात काम," असं लोक म्हणायचे आणि मी फुगायचे.

अक्कांना मुलानं मोठा फोन पाठवला तेव्हा त्या तो माझ्याकडं घेऊन आल्या. बायका बांगड्या आता फोनवरच मागवतात, मग तुम्हीही त्या फोटोंच्या साइटवर या, मीच गळ घातली. काचेचा धंदा टिकेना, हे त्यांनाही दिसत होतं. मी खातं काढलं, 'नीलाक्का बांगडी भांडार' नाव दिलं, माळांचे फोटो टाकले. अक्कांनी एकच विचारलं, "ह्याचं किती घेत्यात?" मी म्हणाले, "काही नाही, फुकट आहे." त्या म्हणाल्या, "फुकट कुणी बांगडी भरत न्हाय वैशे. भरली तर समजावं, हात बघाय आलाय." मी खूप हसले. दुकानातल्या दोघा-चौघांना ते वाक्य सांगूनही हसवलं.

मग गिऱ्हाइकांचे नंबर भरायचे होते. अक्कांचा हट्ट असा की नाव एकही लिहायचं नाही. "फोन कुठं बी पडतो, कुणाच्या बी हातात जातो. कुणाचं माझ्याशी बोलणं हाय ते दुसऱ्याला कशाला कळाय पायजे?" त्यांना जेमतेम वाचता यायचं, पण मापं आणि रंग डोक्यात पक्के. म्हणून मी तसंच भरलं. 'अडीच, लाल, चावडीपाशी'. 'सव्वादोन, हिरव्या, गर्भार'. 'अडीच, सोनेरी काठ, मास्तरीण'. एका नंबरापुढं त्यांनी फक्त 'सव्वादोन, जांभळ्या' एवढंच लिहायला सांगितलं, गाव नाही, गल्ली नाही. मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नसतं. एवढा बंदोबस्त बघून मला कौतुक वाटलं. मग पडद्यावर प्रश्न आला, 'तुमच्या ओळखीचे लोक शोधायचे का? संपर्क यादी वापरू द्या.' मी 'हो' दाबलं. अक्कांनी नावं झाकली होती, पण कंपनीला नावं नकोच होती. तिला नंबर पुरत होते.

थोड्याच दिवसांत अक्का भांडायलाच आल्या. गुडघेदुखीवर काही आहे का, म्हणून त्यांनी फोनला तोंडी विचारलं होतं. तेव्हापासून त्यांच्या बांगड्यांच्या फोटोंमध्ये गुडघ्याची तेलं, गुडघ्याचे पट्टे, गुडघ्याचे डॉक्टर यायला लागले. "म्या एकाला इचारलं, धा जणाला कसं कळलं? ज्याला सांगितलं त्यानं आपल्यापाशी ठिवावं का न्हाय?" मी म्हणाले, "अक्का, ते जाहिराती दाखवतात हो, माणूस नसतं तिथं कुणी." "माणूस न्हाय तर मग लाज कुणाला वाटंल?" त्या म्हणाल्या. मी तेही हसण्यावारी नेलं.

आता 'सव्वादोन, जांभळ्या' कोण, ते सांगते; मलाही हे सगळं घडून गेल्यावरच कळलं. तिचं खरं नाव लिहिणार नाही, रेखा म्हणू. माहेर येडशीच्या अलीकडचं, सासर आमच्या शेजारच्या खेड्यात. नवरा मारायचा. अक्कांना ते पहिल्याच वर्षी मनगटावरून कळलं होतं. दर सणाला त्या तिच्या बांगड्या भरायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. एका संक्रांतीला मनगट सुजून आलं होतं, बांगडी जाईना. त्या दिवशी भिंतीकडं बघत अक्का एवढंच म्हणाल्या, "धाराशिवला जाणारी पयली गाडी सहाला असती. वसतिगृहाच्या खानावळीत माझ्या वळखीची एक बाई हाय, तिला सैपाकाला माणूस पायजे." आठवड्याभरानं रेखा लहान मुलीला घेऊन पहिल्या गाडीनं गेली.

त्यानंतर ती कुठं आहे हे एकट्या अक्कांना माहीत होतं. रेखाच्या आईनंही पत्ता विचारला नाही. जावई येऊन दारात आरडाओरडा करायचा, तेव्हा तिला शपथ घेऊन 'मला ठावं न्हाय' म्हणता यावं म्हणून. अक्का दर महिन्याला माल आणायला जायच्या तेव्हा खानावळीत डोकवायच्या, आणि पुढं आईला जाऊन दोनच शब्द सांगायच्या, "बरी हाय." आई त्या दोन शब्दांवर महिना काढायची. अशी जवळपास दोन वर्षं गेली.

रेखानंही नवा फोन घेतला. नवा नंबर, साइटवर नवं नाव. स्वतःचा फोटो न टाकता मुलीचा टाकला, तोही पाठमोरा. बिचारीनं आपल्या परीनं सगळी काळजी घेतली होती. पण तिचा नवा नंबर अक्कांच्या फोनात होता, आणि तिच्या नणंदेचा नंबरही अक्कांच्या फोनात होता. नणंद आमच्या बेंबळीतच दिलेली. 'अडीच, लाल, चावडीपाशी' ती तीच.

एके दुपारी ही नणंद कसल्याशा दाखल्यासाठी माझ्या दुकानात आली आणि रंगवून सांगायला लागली, "मॅडम, घावली हुती की आमची वहिनी! फोनानंच दावली." साइटनं तिला आपणहून एक खातं दाखवलं होतं, 'तुमच्या ओळखीच्या असू शकतील' म्हणून. नाव अनोळखी. पण पाठमोऱ्या पोरीच्या अंगावरचा फ्रॉक तिनंच भाचीला घेतलेला, मापाला दोन वर्षं मोठा. दुसऱ्या एका फोटोत मागं वसतिगृहाच्या फाटकावरची पाटी. तिनं भावाला सांगितलं. भाऊ दुसऱ्याच दिवशी धाराशिवला जाऊन फाटकाशी उभा राहिला. रखवालदारानं त्याला अडवून धरलं, तेवढ्यात रेखा पोरीला घेऊन स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं निघून गेली. कुठं गेली ते कुणालाच कळलं नाही.

"फोनानं कशी दाखवली?" मी विचारलं. नणंदेनं फोन पुढं केला. रेखाच्या त्या खात्याखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, नीलाक्का बांगडी भांडार यांच्याही ओळखीच्या. कंपनी आपला हिशेब कुणाला उलगडून सांगत नाही, तेव्हा छातीठोकपणे मीही सांगू शकत नाही. पण त्या दोघींना जोडणारा धागा सगळ्या जगात एकच होता, आणि तो माझ्या बोटानं बांधला होता.

गावात मात्र वेगळंच ठरलं होतं. फोनात अक्कांचं नाव निघालं, म्हणजे पत्ता तिलाच ठाऊक, म्हणजे तिनंच सांगितला. इतकी वर्षं तोंड न उघडणाऱ्या बाईबद्दल लोकांना दोन दिवसांत खात्री झाली. "म्हातारपणात जीभ सैल होतीच," असं लोक म्हणायला लागले. कुणी अक्कांना तोंडावर बोललं नाही. फक्त बांगड्या भरायला बोलावणं थांबलं.

मी त्यांच्या घरी गेले. घर म्हणजे एक खोली आणि पुढं पडवी. त्या पडवीत बसून रंगाप्रमाणं बांगड्या लावत होत्या. मी सगळं सांगितलं. परवानगी म्हणजे काय, यादी कशी जाते, नंबर जुळवून माणसं कशी जोडतात. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "म्हंजी म्या समद्यांची नावं त्याला दिली."

"नावं नाही अक्का, नंबर. आणि तुम्ही नाही, मी दिले."

"फोन कुणाचा?"

"तुमचा."

"मग म्याच बोलले की. तोंडानं न्हाय, फोनानं." त्यांनी विचारलं, "हा कोण हाय? कुठं बसतो? त्याच्याकडं जाऊन सांगता येतं का, बाबा, चूक झाली, आमचं समदं पुसून टाक?"

मी त्यांच्यासमोरच यादी काढून टाकायचं बटण शोधलं. ते सापडायला अर्धा तास लागला. चालू करायला दोन सेकंद लागले होते. मग तक्रारीचा एक फॉर्म भरला, आयुष्यात पहिल्यांदा प्रत्येक ओळ वाचून. लगेच उत्तर आलं, तुमचं मत आमच्यासाठी मोलाचं आहे. अक्कांनी मला ते दोनदा वाचायला लावलं. "कुणाची सही हाय खाली?" "कुणाची नाही." त्या म्हणाल्या, "म्या बी समद्यांचं समदं जाणते वैशे. पण माझ्याकडनं काही गेलं तर बाई माझ्या दारात येऊन मला शिव्या तरी देती. ह्याचं दार कुठं हाय?" हे कळायला मला एवढा मोठा धडा लागला याची आजही लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाठोडं न घेता, नुसती एक पिशवी घेऊन त्या माझ्या दारात उभ्या. "चल. ज्येंचे नंबर दिले त्येंना सांगाय पायजे." मी म्हणाले, अक्का, दीडशेच्या वर आहेत. "मग बिगीबिगी चल." दुकानाला कुलूप लावून मी निघाले. रोज थोडी घरं, असे आम्ही बारा-तेरा दिवस फिरलो. प्रत्येक दारात अक्का उभ्याउभ्याच सांगायच्या, "बाई, तुझा नंबर माझ्या फोनातनं एका कंपनीला गेला. तुला न इचारता गेला. तुझी-माझी वळख हाय हे आता त्याला ठावं हाय. काही लपवायचं असलं तर संबाळून ऱ्हा. माझं चुकलं."

बहुतेक जणी हसल्या. "असू द्या की अक्का, आमचं काय झाकून ठेवण्यासारखं हाय?" "कंपनीला आमचं काय करायचंय, लोणचं घालायचंय व्हय?" एकीनं तर बसवून चहा पाजला आणि आपल्याच फोनात साइटवरची गंमत दाखवली. मलाही वाटायला लागलं की आम्ही उगाच दारं वाजवतोय. मग एका गल्लीत एक घर आलं. चांगलं घर, दारात गाडी, बाई शिकलेली, हसतमुख. अक्कांचं बोलणं ऐकता ऐकता तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं आत सासूकडं एकदा बघितलं, आमच्याकडं बघितलं आणि दार हलकेच लावून घेतलं. तिचं काय होतं, मला माहीत नाही. अक्कांना माहीत असावं. त्या पायऱ्या उतरल्या. त्यानंतर मी "उगाच" हा शब्द मनातसुद्धा आणला नाही. झाकण्यासारखं काही नाही असं सांगणाऱ्या शंभर जणींच्यात ज्या एकीचं आहे, ती कधी सांगत नाही.

या सगळ्या दारांत अक्का "माझं चुकलं" म्हणत होत्या, आणि मी शेजारी पिशवी धरून उभी होते. "हिनं बटण दाबलं" असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. मीही म्हणाले नाही.

शेवटी रेखाच्या आईचं घर. येडशीला एसटीतून उतरून आम्ही भर उन्हात चालत गेलो. आई दारातच होती. अक्कांना बघून आधी तिचा चेहरा उजळला, बातमी असेल म्हणून. मग तिला कानावर आलेलं आठवलं असावं. "तुमीच सांगितलं ना?" तिनं विचारलं.

मी तोंड उघडलं. अक्कांनी मागं न बघता माझं मनगट धरलं आणि म्हणाल्या, "व्हय. माझ्याकडनंच गेलं."

आई म्हणाली, "माझी लेक कुठं हाय आता?" अक्का म्हणाल्या, "ठावं न्हाय." आता अक्कांनाही माहीत नव्हतं. आई आत गेली. आम्ही परत फिरलो.

येडशीच्या स्टँडवर मी रडायला लागले. म्हणाले, मी आत्ता परत जाते आणि सांगते. अक्का माझ्यावर चिडल्या. मी त्यांना चिडलेलं कधी बघितलं नव्हतं. "गप बस. तुझ्या दुकानात बाया एकट्या येत्यात. दवाखान्याचे कागद आणत्यात, कोर्टाचे आणत्यात, घरात कुणाला न दावता. तुझ्यावरचा भरोसा उडाला तर त्या जातील कुणाकडं? माझं काय, म्या थकलेच हाय. साकू." साकू म्हणजे पुरे. हा त्यांचा माहेरचा शब्द निघाला की बोलणं संपायचं. त्यांचं म्हणणं मला पटलं. खरं सांगायचं तर मला ते पटवून घ्यायचंच होतं. एसटीत खिडकीशी बसल्यावर मला हलकं वाटलं, हे मी विसरू शकत नाही.

पुढं अक्कांनी फोनातलं खातं काढून टाकायला लावलं आणि सगळे नंबरही. "जिला बांगड्या पायजेत ती निरोप धाडंल." निरोप फार येत नव्हते. तरी ठरलेल्या दिवशी गाठोडं घेऊन त्या गल्लीतून जायच्या, हाक न देता. ज्या दारातून बोलावणं येई तिथं बसायच्या, नाही आलं तर पुढं जायच्या. साताठ महिन्यांनी एका दुपारी त्या माझ्या दुकानात बसल्या असताना त्यांचा फोन वाजला. अनोळखी नंबर. पलीकडून रेखाचा आवाज. मलाही ऐकू आला. "अक्का, मी हाय..." अक्का एकदम म्हणाल्या, "कुठं हायस ते सांगू नगंस. पोरगी बरी हाय का? तू बरी हायस का? बास. ठिव." फोन ठेवल्यावर त्यांनी तो नंबर माझ्याकडून पुसून घेतला. डोळ्यांना पदर लावला आणि त्याच दिवशी येडशीची गाडी धरली. आईनं दार उघडलं की नाही, त्यांनी मला सांगितलं नाही. दारातूनच दोन शब्द टाकून आल्या असतील.

गेल्या थंडीत अक्का गेल्या. आजार फार नव्हता, तीन-चार दिवसांचा ताप. त्यांच्या रीतीप्रमाणं बसवून माती दिली. मुलगा आला होता. बायका आल्या, बऱ्याच आल्या, पण कमी आल्या. ज्यांच्या घरची चाळीस वर्षांची गुपितं त्या सोबत घेऊन चालल्या होत्या, त्यांतल्या कितीतरी जणी घरी बसल्या होत्या, कारण त्यांच्या लेखी ही चुगलखोर बाई होती. मला तिथं उभं राहून ओरडावंसं वाटलं. ओरडले नाही. सवय लागली होती गप्प राहायची. अक्कांचं गप्प राहणं दुसऱ्यांसाठी होतं, माझं स्वतःसाठी.

आता माझ्या दुकानात काम दोन मिनिटांत होत नाही. मी प्रत्येक परवानगी मोठ्यानं वाचते. समोरच्याला विचारते, ही कंपनी तुमच्या फोनातली सगळी नावं मागतेय, द्यायची का? लोक वैतागतात. "मॅडम, दाबा की काय ते," म्हणतात. नव्या चौकात एकानं दुकान टाकलंय, तो भराभर दाबतो, रांग तिकडं सरकलीय. सरकू दे.

अक्कांना जाऊन महिना झाल्यावर मी येडशीला गेले. एकटी. रेखाची आई ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होती. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. बटण कुणी दाबलं, अक्कांनी नावं कशी झाकली होती, दारोदार जाऊन कुणाची चूक त्यांनी आपल्या अंगावर घेतली. ती शेंगा सोलत ऐकत होती. मग हात थांबले.

"त्या दिशी तू हुतीस की. पिशवी धरून."

"हो."

"मग बोलली का न्हाईस?"

"भ्याले," मी म्हणाले. दुसरं काही खरं नव्हतं.

तिनं मान वळवली. रस्त्याकडं बघत होती, जिथून आम्ही तेव्हा आलो होतो. "एवढ्या उनातनं चालत आली हुती म्हातारी," ती म्हणाली. "म्या तिला पाणी बी इचारलं न्हाय."

मग ती उठली, आत गेली आणि तांब्या-पेला घेऊन आली. पेला भरून माझ्यापुढं केला. ते पाणी माझं नव्हतं. पण तिचा हात खाली येईना, म्हणून मी पेला घेतला आणि ते पाणी प्यायले.